खिसा नसलेला टी-शर्ट

कांद्याचं साल. टेरीकॉटच्या शर्टाच्या खिशात, पार शिवणीत अडकलेलं, कवडूच्या बोटाला लागलं. वाळून माशीच्या पंखावानी झालेलं. मागच्या उन्हाळ्यातलं... म्हणजे नलूच्या हातचं.

"बाबा, तो काऊन काढला? भाजून निघसान त्यात!" काजल दारातून ओरडली. माहेरी आल्यापासून पोरगी मागंच लागली होती. पलंगावर तिनं आणलेला टी-शर्ट होता, सुती, सैल, फिक्क्या रंगाचा. सायकलले असाच पाहिजे म्हणे, हवा खेळते.

खरं होतं तिचं. टेरीकॉट म्हणजे अंगावर तवा. बोरगावातून वर्ध्यात लाकडं कापायच्या आरामशीनवर कामाले पोचेपर्यंत पाठीला असा चिकटतो, की सोलून काढावा लागतो. पण खिसा आहे त्याले. उन्हाळ्यात सायकल काढली की नलू आडवी यायची — खिशात कांदा टाकायची, वरून थापटायची, लू लागत नाई म्हणे. संध्याकाळी तोच कांदा दाबून पाहायची, मऊ पडलेला. "पाहा, तुमचं ऊन यानं खाल्लं," म्हणायची अन् उकिरड्यावर फेकायची. भाजीत कधीच घातला नाही. अन् पौषात तिले ताप चढला तेव्हा तो नुसता ओला फडका घेऊन बसला... तिचा ताप कोणी खाल्ला नाई, तापानंच तिले खाल्लं.

त्यानं टी-शर्ट घातला. पोरीचं मन कशाले मोडा.

काजल आतून कांदा घेऊन आली. "घ्या, आईवानी." हात छातीपर्यंत आला अन् तिथंच थांबला. खिसाच नव्हता. दोघंही त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिले.

"प्यांटीत टाका न मंग."

"पायडल मारताना दबते तो. राहू दे."

काजलनं कांदा खिडकीत ठेवला. मान खालीच होती तिची. कवडूनं डोक्याला दुपट्टा गुंडाळला, डोळ्यांपर्यंत, जरा जास्तच.

नाक्यापुढं उतार लागला. वारा टी-शर्टाच्या खालून आत शिरला, पाठ गार करून गेला. हात आपसूक छातीवर गेला, थापटून परत हँडलवर आला. इतक्या वर्षांत उन्हात असं बरं कधी वाटलं नव्हतं... एवढं बरं वाटायले नको होतं, नलू. त्यानं ब्रेक दाबला, वारा कमी व्हावा म्हणून. सायकल हळू झाली. वारा मात्र खेळतच राहिला, अन् खरं सांगायचं तर, त्याले तो हवाच होता.