चिमूटभर मीठ

कलावतीला मी तीन आठवडे इंग्रजीतला भविष्यकाळ शिकवला आणि त्यातलं एकही वाक्य तिनं तोंडातून काढलं नाही.

डोंबिवलीच्या माझ्या घरात दुपारी जेवणाचं टेबल पुसलं की तिथेच वर्ग भरतो. मी स्वतः इंग्रजी शिकले ती औषधांच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या आणि मिक्सरची माहितीपुस्तिका वाचून, त्यामुळे चुकणाऱ्यावर मला ओरडता येत नाही. न बोलणारीचं काय करायचं, ते मात्र कुठल्या चिठ्ठीत नव्हतं.

कलावती मानपाड्याच्या एका कंपनीत एकोणीस वर्षं पॅकिंगला. तिथे सुपरवायझरची जागा निघाली होती. अर्ज हिचा आणि दोन पदवीवाल्या पोरींचा. नव्या साहेबांना मराठी येत नाही, म्हणून मुलाखत इंग्रजीत. शेहेचाळिसाव्या वर्षी अशी जागा परत निघत नसते, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"साहेब विचारणार, सुपरवायझर झाल्यावर काय करणार? तू म्हणायचं, आय विल..."

"नाय बाय."

"अगं, नुसतं म्हण तरी!"

"व्हायच्या आधी बोलाचा नाय. आमचे घरान कोनी बोलत नाय."

तिचं माहेर कोपरीचं, आजा मिठागरावर कामाला. एका साली तो चारचौघांत म्हणाला, यंदा मिठाचे ढीग लागणार. तिसऱ्या दिवशी उधाणाचं पाणी बांध फोडून आत आलं. तेव्हापासून त्या घरात लग्नाची तारीखसुद्धा कुणी मोठ्यानं सांगत नाही. पाहुणे कसे पोचतात, देव जाणे.

मी दुसरीकडून शिरले. म्हटलं, 'विल' म्हणजे आत्ता मनात आलेलं, 'गोइंग टू' म्हणजे आधीच ठरवलेलं. तू ठरवलेलं सांग.

"ठरलेलं तं बिलकुल नाय बोलाचा. त्यालाच नजर लागते."

"मग पुढे 'देवाची इच्छा असेल तर' असं जोड."

"देवाला कशाला सांगाचा? त्याच्यापन कानावर नको."

मुलाखत गुरुवारी झाली. नंतर नऊ दिवस ना फोन, ना वर्गाला पत्ता. मी समजून चुकले. साहेबांसमोर ही गप्प बसली असणार, आणि चूक माझी. कपडे वाळत घालतानासुद्धा मला तिचं ते मिटलेलं तोंड दिसायचं.

दहाव्या दिवशी ती दारात उभी. अंगात निळा कोट. पॅकिंगवाल्यांचा हिरवा असतो.

"अगं, कळवायचं तरी!"

"पयली शिफ्ट पुरी झाल्याबिगर कशी कळवू?"

साहेबांनी तोच प्रश्न विचारला होता. तिनं पिशवीतून वही काढून समोर ठेवली. मुलाखतीआधीचे आठ दिवस तिनं बायकांना सांगून चहाची सुट्टी दोन तुकड्यांत लावली होती, अर्ध्या चहाला, अर्ध्या लाइनवर. लाइन एकदाही थांबली नव्हती. कुणाचं मूल लहान, कुणाची बस किती वाजता, सगळं लिहिलेलं. साहेबांना म्हणाली, "ऑलरेडी डुइंग, सर. यू सी." साहेब उठून खाली लाइनवर बघायला गेले.

म्हणजे माझे तीन आठवडे वाया, मी म्हणाले. मी चहा ठेवला.

"वाया कशाला? आता पायजे ना," ती म्हणाली. "रोज संध्याकाली साहेबाला सांगाचा लागतं, उद्या कोन कामावर येनार. दुसऱ्याचं बोललं तं चालतं काय, बाय?"

"चालतं. ते भाकीत नव्हे, शिफ्टची यादी."

ती टेबलाशी सरळ बसली, कोटाचं बटण लावलं आणि डोळे मिटून म्हणाली, "टुमारो दर्शना विल कम ॲट सेव्हन ओ'क्लॉक."

वाक्य बरोबर होतं. मी तसं सांगितलं.

"थोडा मीठ दे," ती म्हणाली.

मी बरणी पुढे केली. तिनं चिमूटभर घेऊन न आलेल्या दर्शनावरून हवेतच उतरवलं आणि सिंकमध्ये टाकून नळ सोडला. मग परत येऊन वही उघडली.

"हां. आता शकूचं घे."