नऊपर्यंतचे आकडे

हत्यारांच्या दुकानात टेबल सॉची, म्हणजे विजेवरच्या करवतीची, फेन्स ही कडेची पट्टी निवडताना बाप-लेकाचं चटकन जमलं. लाकूड सरळ सरकलं पाहिजे, यावर दोन सुतारांत भांडण कसलं? सून मात्र पात्यावरच्या गार्डपाशी अडून बसली. नवऱ्याची बोटं शाबूत राहावीत, एवढंच तिचं म्हणणं.

"गार्ड घाबरटांना लागतं," सासरे गुरगुरले. "माझं काय अडलं?"

काउंटरवर बसवलेली नात कंटाळून आजोबांची बोटं मोजायला लागली. "...सात, आठ, नऊ. संपली!"

"नऊनंतर काय गं?" दुकानदाराने विचारलं.

"काऽही नसतं," ती ठणकावून म्हणाली. आकडे ती याच हातांवर तर शिकली होती.

सुनेला हसू आवरेना. सासऱ्यांनी उगीचच घसा खाकरला.

"द्या हो ते गार्ड. आणि सूनबाई, पुढचं गणित हिला बापाच्या हातांवर शिकव."