सात नंबरचा शिक्का

खिडकीच्या गजांना तीन बादल्या लटकत होत्या आणि तिन्हींत पाणी होतं. घरात आलेला माणूस आधी बादल्यांकडे बघायचा, मग त्याच्याकडे, आणि मग आठवा महिना लागलेल्या त्याच्या बायकोकडे बघून मनातल्या मनात म्हणायचा, बिचारी.

खरं तर त्यात वेडेपणा काही नव्हता. प्रत्येक बादली लाकडाच्या दोन तुकड्यांच्या एकेका सांध्यावर टांगलेली होती. पहिला सांधा नुसत्या पिना आणि गोंदाचा, दुसरा गोल खुंटीचा आणि तिसरा जुन्या पद्धतीचा. म्हणजे एका तुकड्याचं टोक तासून चौकोनी कुसू काढायचं, दुसऱ्यात तेवढीच खाच पाडायची, कुसू खाचेत ठोकून बसवायचं आणि आडवी पाचर मारायची. रोज सकाळी दात घासून झाले की तो प्रत्येक बादलीला शंभर हिसके द्यायचा. पिनांची बादली दुसऱ्याच दिवशी धाडकन खाली आली आणि बायकोची वाळत घातलेली चादर भिजली. त्याने पुन्हा पिना मारल्या, पुन्हा टांगली, ती पुन्हा पडली. खुंटीवाली चौथ्या दिवशी कुरकुरायला लागली. तिसरी मात्र हूं का चूं करेना.

"अहो, पाळणा करताय की पूल बांधताय?" बायको म्हणाली.

"हौस आहे," तो म्हणाला.

हौस कसली डोंबलाची. त्याला सगळे शिक्केबुवा म्हणायचे, कारण लाकडी सामानाच्या कारखान्यात तयार माल तपासून त्यावर 'तपासले' असा शिक्का मारायचं काम त्याचं होतं. शिक्क्यात त्याचा नंबर होता, सात. कारखान्यात बाळांचे कठड्याचे पलंग व्हायचे. चारी बाजूंनी दांड्या, खाली गादी. सगळे त्यांना पाळणेच म्हणत. पूर्वी त्यातली प्रत्येक दांडी खाचेत बसवायचे. सव्वा वर्षापूर्वी वरून हुकूम आला: खाचा बंद, दांडी टेकवा, गोंद लावा, पिस्तुलातून दोन पिना मारा आणि पुढं ढकला. त्याने एक दांडी हातानं पिळून पाहिली, तर ती फिरली. तो तसाच सुपरवायझरकडे गेला.

सुपरवायझर म्हणजे त्याचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. आईवडील गेल्यावर ताईनंच त्याला वाढवलं, आणि दाजींनी शब्द टाकून कारखान्यात चिकटवलं. दाजींनी दांडी हातात घेतली, फिरवली, टेबलावर ठेवली.

"मेहुणे, तुम्ही शिक्का मारा. मी पण मारतोच आहे की सह्या," ते म्हणाले. "वरच्यांना सांगायला गेलो तर आधी माझी खुर्ची जाईल, मग तुमची. घरी काय सांगायचं?"

खाल्ल्या मिठाला जागावं की हातातल्या दांडीला? तो मूग गिळून बसला. शिक्का उचलायचा, शाईत दाबायचा, लाकडावर दाबायचा. दिवसाला चाळीस वेळा. आधी प्रत्येक वेळी एक दांडी पिळून पाहायचा, मग तेही सोडलं. त्यानंतर बायकोला दिवस गेले आणि तो पुन्हा दांड्या पिळून पाहायला लागला.

म्हणून तो घरी पाळणा करत होता, आणि दर रविवारी त्याला वाटायचं की आपण पाळणा करत नाही आहोत, कबुलीजबाब लिहितो आहोत. खोली एवढीशी. पाळणा उभा राहिला तसं खोलीत तिसरं माणूस राहायला आल्यासारखं झालं. आडवं होऊन सरकायचं, नाहीतर कठड्यावरून हात टाकून डबा घ्यायचा. चाळीस कुसवं, चाळीस पाचरी, आणि तोंडातून एक शब्द नाही. बायकोला सांगावं तर ती ताईला सांगणार. ताईला कळलं तर ती दाजींना सोडणार नाही. आणि ताईच्या घरात कारखान्याचाच पाळणा होता, सात नंबरचा शिक्का असलेला. भावाचा नंबर बघून तिनं मुद्दाम तोच निवडला होता. त्या दिवशी तो हसला होता. ते हसू आठवलं की त्याला अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटे.

त्या रविवारी ताई आणि दाजी आले. सोबत ताईचं अकरा महिन्यांचं कार्टं आणि एक भलंमोठं खोकं. ज्याच्या घरी बाळ येणार त्या कामगाराला कारखान्याकडून एक पाळणा भेट मिळायचा, तो दाजी टेंपोतून घेऊन आले होते.

"अरे, हा काय घाट घातलायस?" खोलीभर पसरलेला पाळणा बघून ताई म्हणाली. "मिळत होता ना फुकटचा."

"हौस," तो म्हणाला.

दाजींनी पाळण्याच्या कडेवरून बोट फिरवलं. एक पाचर दिसली, दुसरी दिसली, मग खिडकीतल्या बादल्या दिसल्या. त्या माणसाला समजायला आणखी काही लागलं नाही. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज होता तसाच ठेवून ते म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते असं."

"कुणाला म्हणताय?" ताईनं विचारलं.

"कुणाला नाही. लाकडाचं बोलतोय."

ताईला दुधखुळी समजणारे दोघेही पुरुष मूर्ख होते. तिनं पोराला उचललं आणि सरळ भावानं केलेल्या पाळण्यात उभं केलं. पोराचं वय दांडगाईचं. त्यानं कठडा दोन्ही मुठींत धरला आणि गदागदा हलवला. सगळं घर हललं असेल, पाळणा हलला नाही.

"आमच्या घरी हा असं करतो तेव्हा एक दांडी गोल फिरते," ताई म्हणाली. "यांनी दोनदा गोंद लावला. मला म्हणाले, लाकूड आहे, हवेनं होतं. होतं का रे हवेनं?"

तो दाजींकडे बघत राहिला. दाजी बादल्यांकडे. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मध्ये स्वतःच्याच हातानं केलेला पाळणा.

"तुझ्या बाळाला कारखान्याचा का चालत नाही? एवढंच सांग."

या बाईनं त्याला भरवलं होतं, वह्यांना कव्हरं घातली होती, त्याच्यासाठी स्वतःचं लग्न दोन वर्षं पुढं ढकललं होतं. तिला खरं सांगायचं म्हणजे तिच्याच नवऱ्याला तिच्यासमोर उघडं पाडायचं. त्यानं तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते नेहमीचंच.

"हौस गं ताई. नुसती हौस."

ताईनं पोराला कडेवर घेतलं.

"बरं. मग हा मी नेते. तू तो ठेव. सारखेच आहेत ना?"

नाही म्हणावं तर का, हे सांगावं लागणार. त्याने पाळण्याची एक बाजू उचलली, दाजींनी दुसरी. तीन महिन्यांचे रविवार त्या दोघांनी मिळून जिन्यावरून खाली नेले, एकमेकांकडे न बघता. जिन्याच्या वळणावर दाजी हळूच म्हणाले, "चांगला झालाय." त्यानं मान हलवली. टेंपोत पाळणा चढला तेव्हा त्याला ताईच्या पोरापुरतं बरं वाटलं, आणि आपल्याला तेवढ्यापुरतंच बरं वाटतंय याची लाजही वाटली.

तो वर आला तर खोली एकदम मोठी झाली होती. बायकोनं खोकं उघडून एक कठडा बाहेर काढून भिंतीला टेकवला होता. खाली वाकवत नव्हतं तरी ती वाकून बघत होती.

"अहो, सात. हा तुमचाच नंबर ना?" तिनं मोकळा श्वास सोडला. "तुम्हीच तपासलाय म्हणजे झालं. मी उगाच जिवाला घोर लावून घेतला."

तो कठड्यासमोर बसला. एक दांडी धरून पिळली. ती फिरली.

"तपासला नाही गं," तो म्हणाला. "नुसता शिक्का मारलाय."

बायकोनं हात पुढं करून दुसरी दांडी फिरवून पाहिली, मग तिसरी. तिचा हात तिथंच थांबला.

"असे किती?"

"दिवसाला चाळीस."

"किती दिवस?"

"सव्वा वर्ष."

ती कठड्याला धरून उठायला गेली, मग कठडा सोडून भिंतीला धरून उठली. खिडकीपाशी जाऊन तिनं बादल्यांच्या मधून खाली पाहिलं.

"दाजी अजून दोरी बांधताहेत," ती म्हणाली. "टेंपो उभा आहे. खाली जा, ताईंना सांगा."