कुरण उघडलं तो दिवस

“अहो अक्का, उघडा की आता! मेंढरं माझ्या अंगावर चढायला लागलीत!”

पैलवान फाटकाबाहेरून ओरडला. तो नावाचाच पैलवान. वारा जोरात सुटला तर मेंढीला धरून उभा राहील असा. त्याच्यामागे कळपाला कळप लागले होते आणि धुरळ्यात माणसं ओळखू येत नव्हती.

“मॅडम येऊ देत,” अक्का म्हणाली. “इतकी वर्षं थांबलात, आता घटकाभरानं काय बिघडतंय?”

आवाज तिनं कडक ठेवला होता, पण किल्ली सारखी या हातातून त्या हातात जात होती. ती या कुरणाची राखणदारीण. सकाळपासून तिच्या पोटात घास नव्हता. स्वतःच्या लग्नातही ती इतकी गडबडली नव्हती.

फाटकाच्या आत पार टेकडीपर्यंत गवत उभं होतं. याच जागी पूर्वी वेडी बाभूळ माजली होती, इतकी दाट की सशालाही वाट मिळू नये. कुठून तरी आलेलं ते झाड. त्यानं पाणी पिऊन टाकलं आणि खाली गवताची काडी उगवू दिली नाही. वरून तोडलं की दुप्पट फुटायचं. जमिनीखालचा गड्डाच उपटावा लागे. अक्का तेव्हा कुदळीच्या कामावर होती. तळहात सोलून निघाले, काटे मोडून आत राहिले. मग तिनं आणि बरोबरच्या बायकांनी मारवेल, पवन्या या जुन्या गवतांचं बी ओल्या मातीत कालवून पेरलं, कारण ते नुसतं फेकलं की वाऱ्यावर उडून जाई. पुढे राखणीचं काम मिळालं, तेव्हा गवताचा पत्ता नव्हता. “बाई धूळ राखतेय,” असं लोक हसायचे.

आणि ऐन दुष्काळात तिचा धाकटा भाऊ याच फाटकाशी आला होता, कळप घेऊन.

“अक्का, आठच दिवस आत सोड. पाया पडतो.”

गवत तेव्हा बोटभर होतं.

“आत्ता तोंड लागलं तर मुळासकट जाईल रे. आणि तुझ्या मेंढ्या बाभळीच्या शेंगा खाऊन आल्यात. लेंडीलेंडीतून पुन्हा तेच उगवेल.”

“म्हणजे माझ्या मेंढ्यांपेक्षा गवत मोठं झालं तुला?”

तिनं फाटक उघडलं नाही. त्याच महिन्यात त्यानं कळप मातीमोल विकून टाकला आणि सिमेंटच्या गोदामात हमालीला लागला. त्यानंतर भेट व्हायची ती लग्नकार्यात, आणि बोलणं व्हायचं ते हवापाण्याचं. आजचा निरोप तिनं भावजयीकडे दिला होता. “सांगून बघते,” एवढंच भावजय म्हणाली होती.

मॅडमची जीप आली. गवताचा अभ्यास करणाऱ्या या बाईंनीच सगळं काम उभं केलं होतं. कळप आठवडाभर कुंपणाच्या वाड्यात कोंडून, नुसता सुका चारा घालून ठेवायचे, म्हणजे पोटातलं बाभळीचं बी बाहेरच पडून जाईल, हा नियमही त्यांचाच.

“वाड्यातूनच आणलेत ना सगळे? मग उघड, अक्का!”

अक्कानं कुलूप काढलं. फाटक करकरत उघडलं. लोकांनी एकच आरोळी ठोकली.

आणि मेंढ्या जागच्या हलेनात.

वाऱ्यानं गवत सळसळलं, तशा पुढच्या मेंढ्या दचकून मागे सरल्या. जन्मभर काटे आणि शेंगा पाहिलेली जनावरं ती. पोटापर्यंत येणारं गवत त्यांनी पाहिलं होतं कुठे? पैलवानानं एकीला कानाला धरून ओढलं. तिनं अशी ढुशी दिली की तो मातीत बसला. हशा पिकला. मॅडमही हसल्या. “हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!”

अक्काला मात्र रडू फुटायची वेळ आली. मागचे लोक मेंढ्या ढकलू लागले.

“ढकलू नका रे. मागून ढकललं की मेंढी मागंच येते.”

आवाज गर्दीच्या कडेनं आला. सिमेंटनं राखाडी झालेला सदरा, हातात काही नाही. धाकटा!

तो अक्काकडे न बघता तिच्या शेजारून आत गेला. गुडघाभर गवतात शिरला, मूठभर काड्या उपटून हुंगल्या आणि पाठ फिरवूनच घशातून एक लांब हाक काढली. पैलवानाच्या कळपातल्या एका म्हाताऱ्या मेंढीनं कान टवकारले. दुष्काळात पैलवानानं त्याच्याकडूनच घेतलेली ती. पुन्हा हाक आली. म्हातारी पुढे झाली, गवतात घुसली आणि तिच्यामागे बांध फुटावा तसा अख्खा कळप आत लोटला. मग दुसरा, मग तिसरा. माणसं टोप्या उडवत पळाली. पैलवान तर मेंढ्यांच्याही पुढे होता. काड्या तुटल्याचा कराकरा आवाज सगळीकडून येऊ लागला. अक्का वेड्यासारखी टाळ्या पिटत होती आणि डोळे पुसायचं तिला भानच नव्हतं.

दुपारी दोघं बहीणभाऊ एका दगडावर बसली. तिनं डबा पुढे केला. त्यानं खाल्लं. हात पुसत म्हणाला,

“गवत बरं आलंय.”

“हं.”

“तेव्हा सोडलं असतंस, तर आलं नसतं.”

अक्कानं उरलेला डबाही त्याच्याकडे सरकवला.

दिवस कलला तसे कळप निघाले. जो तो आपापल्या मेंढ्या हाकत फाटकाबाहेर पडला. म्हातारी मेंढी पैलवानाच्या कळपात मिसळून गेली. तिनं वळून पाहिलं नाही.

अक्का कुलूप शोधत होती. धाकट्यानं फाटकाला हात घातला, पण लगेच ओढलं नाही. मागे राहिलेलं एखादं मेंढरू येतंय का, म्हणून तो गवताकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. कुणी नव्हतं. मग त्यानं फाटक लावलं.