आझीन्या आणि भट्टीचं दार

फेलिज्मिनाला आठव्या वर्षी एका शब्दापायी मार बसला होता, आणि सत्तरीतही तिचा तळहात तो विसरला नव्हता. शब्द होता ‘आझीन्या’, म्हणजे चटकन. वर्गाच्या खिडकीतून ती बहिणीला ओरडली होती, “आझीन्या धाव, गाय सुटली.” गाय गेली ती गेलीच, वर एर्मेलिंडाबाईंनी भोकं पाडलेल्या लाकडी फळीने तिच्या हातावर सहा फटके दिले. म्हणाल्या, गुराख्यांची बोली शाळेत चालायची नाही.

आता डोंगरापलीकडच्या गॅलिसियातून उशीआ नावाची एक मुलगी रेकॉर्डर घेऊन आली होती, हा शब्द अजून कोणाच्या तोंडी आहे का ते नोंदवायला. तिच्या गावी हा शब्द थोडा वेगळ्या उच्चाराने रोज ऐकू येई. इकडे पोर्तुगालात मात्र तो मेला, असं तिचे प्राध्यापक म्हणत.

“आजी, रोमन लोकांच्या बोलीत घाईला ‘आजिना’ म्हणायचे, त्यातून आलाय हा. सातशे वर्षांपूर्वी दरबारातल्या गाण्यांत होता.”

“म्हणजे मी दरबारी शब्दापायी मार खाल्ला?” फेलिज्मिनाने कोबी चिरायचं थांबवलं. “मग बाईंना सांग, चुकलं म्हणा. तोवर माझ्या तोंडून तो निघायचा नाही. तू आल्याला आठवडा झाला, तेव्हापासून कोंबड्यांना हाकतानाही नुसतं ‘हूं हूं’ करतेय.”

उशीआ बाईंकडे गेली. एक्क्याण्णव वर्षांच्या बाई ताठ बसून म्हणाल्या, “माफी? तिची गाय मी सोडली होती का? तिला विचार, सही करायला कोणी शिकवलं.”

शनिवारी गावाची सामायिक पावभट्टी पेटली. दुपारी उशीआची बस होती, आणि रेकॉर्डरमध्ये अजून कोंबड्याच होत्या.

भट्टी तापली की दार उघडून पाव भराभर आत सरकवावे लागतात, नाहीतर ऊब पळते आणि पाव दगड होतात. लांब दांड्याचं फावडं फेलिज्मिनाच्या हाती होतं. शेजारणींचे पाव तिने झपाझप आत घातले. मग काठी टेकत आलेल्या बाईंचे चार गोळे आले. तिने पहिला फावड्यावर ठेवला आणि त्याच्यावर पीठ भुरभुरवत बसली.

“पोरी, दार उघडं आहे,” बाई म्हणाल्या.

“दिसतंय, बाई.” तिने पाव उजवीकडे नेला, पाहिला, पुन्हा डावीकडे आणला.

“तू मुद्दाम करतेस.”

“शुद्ध भाषेत सांगा ना, बाई. शिकवलीत तुम्हीच.”

दुसरा गोळा उचलताना तिला शिंक आली. तिसऱ्याच्या वेळी तिने एप्रनने नाक पुसलं. भट्टीची लाली ओसरू लागली. बाईंनी काठी जमिनीवर आपटली.

“अगं मेले, आझीन्या! आझीन्या, म्हणते ना!”

उशीआच्या रेकॉर्डरचा लाल दिवा लागलेला होता. उरलेले दोन्ही पाव डोळ्याचं पातं लवायच्या आत आत गेले.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, “माझी आई असंच ओरडायची. शाळेत नोकरी लागली तेव्हा मलाही तो शब्द गिळायला लावला होता.” मग म्हणाल्या, “चुकलं माझं, फेलिज्मिना.”

“हात पुढे करा.”

बाईंनी सुरकुतलेला तळहात पुढे केला आणि डोळे मिटले. फेलिज्मिनाने त्यावर थप्पकन ओल्या शेणाचा गोळा ठेवला.

“दाराच्या फटी लिंपा. आझीन्या.”

बाईंनी डोळे उघडले, शेणाकडे पाहिलं आणि लिंपायला लागल्या. एक फट राहिली, ती फेलिज्मिनाने बोटाने दाखवली.

“नोंदीत बोलणाऱ्याचं नाव लागतं,” उशीआ चाचरत म्हणाली. “पहिला आवाज बाईंचा आहे.”

“लिही की,” फेलिज्मिना म्हणाली. “एर्मेलिंडाबाई, वय एक्क्याण्णव. काम, हा शब्द बोलणाऱ्यांना बडवणं.”

“निवृत्त,” बाई म्हणाल्या. “तेही लिही.”