रविवारचा आकडा

मी बीपीची मशीन बोलतेय. हसू नका, आधीच माझं डोकं चक्रावलंय! चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीतून रिटायर झालेल्या यादोरावांच्या दंडाला मी पाच वर्षं बिलगते आहे. मोजायचं काम त्यांच्या सुनेचं, रुचिताचं.

माझं कोडं रविवारचं. एरवी आंघोळीनंतर मी एकशे अडतीस, चाळीस दाखवायची. रविवारी मात्र विहारातली वंदना, मग तासभराचं धम्मावरचं बोलणं आटोपून यादोराव घरी आले, की रुचिता त्यांना दारातूनच खुर्चीत बसवायची. आकडा एकशे साठच्या वर! आता सांगा, वंदनेनं माणूस शांत होतो की तापतो?

"मामाजी, लोणचं खाल्लं ना?"

"नाही वं बाई, हात नाही लावला."

"मंग मशीनच खराब झाली असन."

मी खराब! बाई गं, दंडात असतं तेच मी सांगते. पण त्या वेळी यादोराव मांड्या आवळून का बसतात, हे मलाही कळत नव्हतं.

रविवारचे आकडे ऐकून डॉक्टरांनी जुनी गोळी बंद करून दुसरी दिली. नवी गोळी लघवी जास्त करवणारी होती. आठवड्याभरात माझ्या शेजारच्या सुपारीच्या डबीत गोळ्या साठू लागल्या. गोळ्या खायला आणतात की जमवायला? मग रोजचाच आकडा चढला. रुचिता घाबरली, मीही घाबरले.

एका रविवारी पट्टा बांधलेला असतानाच यादोराव उठले. "मले जाऊ दे वं," म्हणाले आणि मोरीत गेले. बराच वेळ झाला तरी येईनात. आले ते घामाने डबडबलेले. लघवी अडली होती. रुचिताने मला पिशवीत टाकलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

तिथे नळी घातल्यावर त्यांना हायसं वाटलं. नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, हा त्रास केव्हापासून?"

यादोराव खाली बघत म्हणाले, "दोन वर्षं झाली. सुनेले कसं सांगू, मॅडम? घरात पाय टाकला का ती मशीन घेऊन उभी. तिच्यासमोरून मोरीकडे कसा पळू? त्यात ती गोळी घेतली का आणखीच लागते. म्हणून सोडली."

रुचिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मामाजी, मी काय परकी हाव का?"

प्रोस्टेट वाढलं होतं. लघवी दाबून बसलं की आकडा चढतो, हेही बाईंनी सांगितलं. म्हातारपणी बीपी आणि प्रोस्टेट पुष्कळदा सोबतच दिसतात, पण कोण कोणाला आणतं हे नक्की सांगता येत नाही म्हणाल्या. डॉक्टरांनाही कोडी पडतात हे ऐकून मला फार बरं वाटलं.

आता गोळी बदलली आहे. रविवारी रुचिता मला हातात घेऊन म्हणते, "मामाजी, आधी जाऊन या." पहिल्यांदा ते लाजून लाल झाले होते. आता मोरीतून ओरडतात, "आलो वं!" काल मी एकशे छत्तीस दाखवले.

तुमच्या घरीही माझी एखादी बहीण असेल. तिचा पट्टा दंडाला बांधण्याआधी म्हाताऱ्याला "जाऊन आलात का?" तेवढं एक विचारा. मला विचारता येत नाही हो.