हात मागे

आमचा कोझोदादा सामना चालू असताना मैदानाकडे पाठ करून उभा राहायचा. तोंडाला कर्णा आणि समोर मिनामिहामा स्टेडियमची दक्षिण गॅलरी, म्हणजे आम्ही. आमच्या संघाने लीग जिंकली, चषक जिंकला, पण दादाने त्यातला एकही गोल धड पाहिलेला नाही. तो ओरडणार, मी ढोल बडवणार, बाकीचे गाणार. या नादापायी त्याचं लग्न मोडलं. मोडलं ते बरंच झालं, बाई फार किरकिरी होती.

त्या वसंतात आमच्याच काही टोणग्यांनी इवाकुरा या वैरी संघाच्या बसवर बाटल्या फेकल्या. क्लबच्या शिमोदासाहेबांनी दादाला बोलावून सांगितलं, यापुढे तुमच्यातल्या कोणी हात उचलला तर दक्षिण गॅलरीला कुलूप. नेमका विजेतेपदाचा सामना इवाकुराशीच आला. फाटक उघडायच्या आधी दादाने सगळ्यांना पायऱ्यांवर उभं करून दम भरला.

"काहीही होऊ दे, हात मागे. मला कापलं तरी गाणं थांबवायचं नाही. शिगेनो, तुला सांगतोय."

"मलाच का?" मी विचारलं.

"सगळ्यात आधी तुझंच डोकं फिरतं म्हणून."

खोटं नव्हतं ते.

सामना संपत आला तेव्हा इवाकुरा दोन गोलांनी मागे होते. त्यांचं टोळकं मधलं कुंपण ओलांडून आमच्या गॅलरीत घुसलं. पहारेकरी एकमेकांचे हात धरून उभे राहिले आणि "कृपया आपापल्या जागी जा" असं विनवत राहिले. त्यांना ढकलून इसागो पुढे आला. हा बैलमान्या माणूस दर सामन्याला कोणाला तरी फोडायचा. त्याच्या हातात झेंड्याचा बांबू होता.

"काय रे, घसा बसला का? गा की!"

दादाने कर्णा खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. इसागोला वाटलं, हा आपली चेष्टा करतोय. त्याने बांबू फिरवला. जबडा मोडल्याचा आवाज मला एवढ्या गोंगाटातही ऐकू आला. दादाचा दात माझ्या ढोलावर येऊन पडला.

"गा," दादा म्हणाला. निदान तोंड तसं हललं.

मी ढोल वाजवला. लोक गायले. बायका रडत रडत गायल्या. दादा गुडघ्यावर आला, तसा इसागोने बुटाने त्याच्या बरगड्या तुडवल्या. त्याच्याबरोबरचे चौघे कोंबडं सोलावं तसे त्याच्या अंगावरचा संघाचा शर्ट फाडत होते. कोणीतरी त्याचा उजवा हात पाठीमागून ओढून काढला आणि पायरीच्या कडेवर ठेवून त्यावर उडी मारली. मी टिपऱ्या इतक्या जोरात हाणत होते की माझे तळवे सोलून निघाले. एक टिपरी इसागोच्या डोळ्यात खुपसायची माझी फार इच्छा होती. पण शब्द दिला होता ना!

पोलीस आले तेव्हा आमच्यातल्या एकाचाही हात वर नव्हता. आमचा संघ जिंकला. दादाला स्ट्रेचरवरून नेत होते आणि आकाशात कागदाचे लाल तुकडे उडत होते.

पुढच्या आठवड्यात शिमोदासाहेब इस्पितळात आले. काळा सूट, हातात खरबुजाची पेटी. दादाचा जबडा तारेने बांधलेला, उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये.

"गॅलरी उघडी राहील," साहेब म्हणाले. मला वाटलं, सुटलो. "इसागोला कायमची प्रवेशबंदी झाली. आणि... कोझोसान, आपल्यालाही."

"याला? कशाबद्दल?" मी किंचाळले.

"भांडण दोघांत झालं. एकालाच शिक्षा दिली तर ते पक्षपाती दिसेल."

भांडण झालं की दोघंही दोषी, हा आमच्याकडचा जुना न्याय. खरं कोण, खोटं कोण, हे विचारायचा त्रास वाचतो.

"साहेब, यानं मार खाल्ला हो! नुसता मार खाल्ला!"

"मनापासून दिलगीर आहोत," असं म्हणून शिमोदासाहेब कमरेत वाकले. पार काटकोनात. त्यांची उघडी मान दादाच्या पुढ्यात आली.

दादाने प्लॅस्टरचा हात उचलला आणि सगळ्या ताकदीनिशी त्या मानेवर आणला. साहेबांचं तोंड पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. दादाने दुसरा घाव घातला. तिसऱ्या घावाला प्लॅस्टर फुटलं आणि दादा तारांमधून गुरासारखा ओरडला. मी जागची हलले नाही. हलायचं नव्हतंच मला.

शिमोदासाहेब कसेबसे उठले. नाकातून रक्त गळत होतं, ओठ फाटला होता. त्यांनी टाय सरळ केला आणि पुन्हा तसेच काटकोनात वाकले.

"मनापासून दिलगीर आहोत," ते म्हणाले. "पण निर्णय तोच राहील."